सातवा रकाना

परिचर्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात पहिल्यांदा वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी मुलींना लसीकरणाचा एक फॉर्म भरून द्यावा लागे. त्यात सात रकाने होते. कावीळ ब, गोवर, कांजिण्या, धनुर्वात, टायफॉईड आणि फ्लू हे सहा रकाने ईश्वरी पिसाळने एका दुपारीच भरून टाकले. लहानपणचं कार्ड मम्मीने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. रक्ततपासणीत काविळीविरुद्धची प्रतिपिंडं कमी निघाली म्हणून तेवढी एक लस पुन्हा टोचून घ्यावी लागली. दंड दोन दिवस दुखला आणि ते काम संपलं.

सातवा रकाना मात्र नऊ दिवस कोरा राहिला. त्याच्यासमोर 'एन-सात, जिवंत लस, नाकातून, ऐच्छिक' असं छापलेलं होतं. हॉस्पिटलात या लसीला कुणी एन-सात म्हणत नसे. आयाबायांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला राखणदार म्हणत.

राखणदाराची गरज पडली ती वॉर्डतापामुळे. हा जंतू हॉस्पिटलांतच तयार झालेला होता. प्रत्येक नव्या अँटिबायोटिकला सरावत सरावत तो शेवटी एकाही औषधाला दाद देईनासा झाला. धडधाकट माणसाच्या घशात तो महिनोन्‌महिने गुपचूप पडून राही. ऑपरेशन झालेल्या, म्हाताऱ्या, अशक्त माणसाच्या फुफ्फुसात शिरला की मात्र दहा-पंधरा दिवसांत निकाल लागे. त्यावर दंडात टोचायची एक लस निघाली होती. ती घेतलेली नर्स स्वतः आजारी पडत नसे, पण जंतू तिच्या घशात बसायचा तो बसायचाच, आणि ती एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे गेली की तोही जायचा. म्हणून या रोग्यांसाठी बंद वॉर्ड काढले गेले. आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, डोळ्यांवर जाड चष्मा लावायचा. जेवण आणि औषधं चाकांवरची यंत्रं आणून देत. रोगी बरा होऊन बाहेर येईपर्यंत, किंवा न होता जाईपर्यंत, त्याला माणसाचा चेहरा दिसत नसे.

बेर्डे मॅडम हा भाग शिकवताना फळ्यावर एसटीतलं तिघांचं बाकडं काढायच्या. घसा म्हणजे हे बाकडं. वॉर्डतापाचा जंतू घशातल्या ठरावीक जागांनाच चिकटू शकतो. तिथे आधीच कुणी बसलेलं असेल तर त्याला उभं राहावं लागतं, आणि या गाडीतला कंडक्टर, म्हणजे आपली प्रतिकारशक्ती, उभ्या प्रवाशाला खाली उतरवतो. संशोधकांनी माणसाच्या घशात एरवीही सापडणारा एक निरुपद्रवी जंतू निवडला, जनुकांत फेरफार करून त्याला नेमक्या त्याच जागा धरायला लावलं आणि नाकात फवारायच्या कुपीत भरलं. फवारा मारला की पंधरा दिवसांत तो स्थिरावतो. त्यानंतर ती नर्स बंद वॉर्डात साध्या गणवेशात, उघड्या चेहऱ्याने जाऊ शकते. तिला काही होत नाही आणि तिच्याकडून कुणाला काही जात नाही.

"राखणदार सोडून," मॅडम म्हणायच्या. "तो जातो."

श्वासातून, उष्ट्या भांड्यातून, एका खोलीत झोपण्यातून तो जवळच्या माणसांपर्यंत पोचे. निरोगी माणसाला त्याचा काही त्रास नव्हता. पण ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते, म्हणजे कॅन्सरवर उपचार घेणारे, दुसऱ्याचा अवयव बसवलेले, त्यांच्या गाडीत कंडक्टरच नसतो. तिथे हाच निरुपद्रवी जंतू रक्तात उतरू शकत असे. अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं नाही, भेटायचं तर उघड्यावर, मास्क लावून, दहा फुटांवरून, असा नियम होता. तो पाळायचा किती दिवस, हे आधी कुणालाच सांगता येत नसे. बहुतेकांच्या घशात राखणदार दीड वर्ष टिके, काहींच्यात तीन.

मागे फिरायची वाट होती. लसीबरोबर प्रत्येकीला मलमाची एक ट्यूब मिळे. पाच दिवस नाकात ते मलम लावलं की राखणदार मरून जाई आणि दहाव्या दिवशी तपासणी झाली की मुलगी मोकळी. पण तोवर शरीराने त्याला ओळखून ठेवलेलं असल्यामुळे तो त्याच माणसात पुन्हा कधी बसत नसे. एकदा गेला की बंद वॉर्डाचं दार कायमचं बंद.

लस न घेणाऱ्या मुलींचं काही बिघडत नव्हतं. त्यांना घरभेट शाखेत घेत. वस्त्यांमध्ये फिरून घरी असलेल्या रोग्यांना बघायचं, हे कामही महत्त्वाचंच होतं. ईश्वरीची मैत्रीण मेहजबीन मुल्ला हिने पहिल्याच दिवशी सातव्या रकान्यात 'नाही' लिहून टाकलं. नाकात काहीतरी जिवंत घेऊन हिंडायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती. यावर आणखी विचार करण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही. ईश्वरीला तिचा हेवा वाटला.

ईश्वरीच्या घरी दोनच माणसं होती. कराडच्या शनिवार पेठेत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मम्मी, अश्विनी पिसाळ, साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिच्या पोटात उजव्या बाजूला पप्पांची किडनी होती. ईश्वरी दहा वर्षांची असताना पप्पांनी ती दिली आणि तीन महिन्यांत ते पुन्हा दुधाचा टँकर चालवायला लागले. चार वर्षांनी टँकर उलटून त्यांची मांडी मोडली. ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलात वॉर्डतापाने गाठलं. अकरा दिवस ते बंद वॉर्डात होते. रोज संध्याकाळी पाच वाजता भिंतीवरच्या पडद्यावर ते दिसायचे. मम्मी आणि ईश्वरी पडद्यासमोरच्या खुर्च्यांवर बसायच्या. पप्पा प्रत्येक पांढऱ्या पोशाखाला विचारायचे, कोण तुम्ही, कोण आहात. शेवटच्या दोन दिवसांत तर त्यांनी पडद्यावरच्या या दोघींनाही तेच विचारलं.

म्हणून ईश्वरी नर्सिंगला आली होती, आणि म्हणूनच त्या रकान्यासमोर अडली होती.

घरी तिने विषय काढला नाही. पण मम्मीच्या तिमाही तपासणीत किडनीच्या डॉक्टरांनी नेहमीच्या प्रश्नांत एक प्रश्न विचारला, घरात कुणी राखणदार घेतलेलं आहे का. मम्मीने नाही म्हणून सांगितलं आणि ते काय असतं असं विचारलं. डॉक्टरांनी एक पत्रक हातात दिलं. घरी येऊन मम्मीने मशीनवरची साडी बाजूला केली, चष्मा लावला आणि ते पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. ईश्वरी कॉलेजातून आली तेव्हा पत्रक घडी घालून तिच्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं.

दोघी जेवल्या. मग मम्मीने विचारलं, "तुला घ्यायचीय?"

ईश्वरी म्हणाली, "माहीत नाही."

"तुला माहितीय. सांगवत नाहीये."

मम्मी बराच वेळ ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. एखादी आई जे म्हणाली असती त्यातलं तिने काहीच म्हटलं नाही. माझं काय, मी राहीन, असं म्हणायची तिला सोयच नव्हती, कारण स्वतःच्या जिवाला ती स्वतःचा समजत नसे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, उकळलेलं पाणी, गर्दीत न जाणं, हे सगळं ती त्या किडनीसाठी करायची. नवऱ्याची तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती.

"मी तुला जा म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि थांब असंही म्हणणार नाही. जा म्हटलं आणि पुढं काही वाईट झालं, तर ते मी म्हटलं म्हणून झालं असं तुला वाटेल. थांब म्हटलं तर आयुष्यभर माझ्याकडं बघून तुला ते वॉर्ड आठवतील. तूच ठरव, ईशू."

हा समजूतदारपणा होता, हे ईश्वरीला कळत होतं. पण त्या रात्री आणि पुढच्या चार दिवसांत तिला सारखं वाटत राहिलं की मम्मीने काहीतरी एक म्हणायला हवं होतं. भांडायला तरी समोर माणूस मिळालं असतं. बेर्डे मॅडमना विचारलं तर त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा एकदा नीट समजावून सांगितल्या. मेहजबीनला विचारलं तर ती म्हणाली, अगं घरी राहा की. तिला ते इतकं सोपं वाटलं याचाच ईश्वरीला राग आला.

शेवटच्या दिवशी तिने 'होय' लिहिलं. पप्पांसाठी लिहिलं, असं ती पुढे कुणी विचारलं की सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिला ते काम हवं होतं. जिथे कुणी जाऊ शकत नाही तिथे आपण उघड्या चेहऱ्याने जायचं, ही गोष्ट तिच्या मनाने घेतली होती, आणि तेवढ्यासाठी आपण आईला सोडून निघालो आहोत हे ती स्वतःशी कबूल करत होती.

फवारा मंगळवारी होता. त्यानंतर घरी परत यायचं नव्हतं म्हणून सामान आदल्या दिवशीच हॉस्टेलला पोचवलं होतं. सकाळी मम्मीने पोहे केले. दोघींनी खाल्ले. मिठी मारायची वगैरे त्यांच्या घरात पद्धत नव्हती. ईश्वरी चप्पल घालत असताना मम्मीने तिच्या खांद्यावरचा सॅकचा पट्टा पिळवटला होता तो सरळ केला आणि हात काढून घेतला. एवढंच झालं. कॉलेजात पोचल्यावर नाकात दोन्ही बाजूंनी गार, खारट काहीतरी गेलं, घशाला किंचित खाज सुटली. नोंदवहीत सही करताना ईश्वरीचं लक्ष आपल्या खांद्याकडे होतं.

राखणदार घेतलेल्या सात मुलींना हॉस्टेलचा वरचा मजला दिला होता. पंधरा दिवसांनी त्यांच्या घशाची तपासणी झाली, सगळ्यांच्यात तो बसलेला निघाला आणि त्यांना बंद वॉर्डाचं ओळखपत्र मिळालं.

आत गेल्यावर ईश्वरीला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. अठरा खाटा, यंत्रांची बारीक घरघर आणि छताकडे डोळे लावून पडलेली माणसं. तिसऱ्या खाटेवर उंब्रजचे हणमंत जगदाळे होते, सत्तरीचे, एसटीतून निवृत्त झालेले. ती त्यांचं सलाईन बघायला वाकली तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग त्यांनी सुई टोचलेला हात उचलून तिच्या गालाला दोन बोटं लावून पाहिली.

"खऱ्या आहात होय?" ते म्हणाले.

ईश्वरीने हो म्हटलं. ते रडायला लागले आणि त्यांना खोकला आला, म्हणून तिने त्यांना उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. पुढे जवळजवळ रोजच कुणी ना कुणी असं करायचं. कुणी तिचा हात धरून ठेवायचं, कुणी तिला वाकायला सांगून तिचे डोळे बघायचं. अनोळखी माणसांचे केस विंचरणं, त्यांना भरवणं, त्यांच्या उशाशी बसून राहणं यात तिचा दिवस जायचा. जगदाळे महिन्याभराने बरे होऊन बाहेर पडले. काचेच्या दारापलीकडे त्यांची मुलं-सुना उभ्या होत्या. त्यांच्या घोळक्यात जगदाळ्यांची चाकाची खुर्ची गेली आणि ईश्वरी दाराच्या अलीकडे हात वर करून उभी राहिली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बरं झालेलं माणूस मागे बघत नाही, हे तिला हळूहळू समजलं.

रविवारी सकाळी ती प्रीतिसंगमाच्या बागेत जायची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथे, पाण्याच्या बाजूला, दोन बाकं एकमेकांपासून दहा-बारा फुटांवर होती. एकावर मम्मी बसायची, एकावर ती. दोघी मास्क लावून असायच्या. आवाज चढवून बोलावं लागे, त्यामुळे ज्या गोष्टी हळू बोलायच्या असतात त्या बोलल्या जात नसत. फॉलला कापड कुठलं मिळतं, गोळ्या वेळेवर घेतेस ना, मेसची भाजी कशी असते. बागेत फिरायला आलेले लोक कधी कधी त्यांच्या मधल्या जागेतून चालत जात. तेव्हा दोघी थांबायच्या, आणि लोक गेल्यावर कुठे होतो ते आठवायच्या.

मेहजबीनला घरभेट शाखेत पहिल्याच सहा महिन्यांत शनिवार पेठ मिळाली. ती दर दोन दिवसांनी मम्मीकडे जायची, रक्तदाब बघायची, नाडी मोजायची, वजन घ्यायची. संध्याकाळी ती ईश्वरीला फोन करून सगळं सांगायची. मम्मीने आज शेंगोळ्या केल्या होत्या, मला बळंच वाढल्या. मम्मीला नवीन सिरियल आवडलीय. ईश्वरीने तिला कधी मम्मी म्हणायला सांगितलं नव्हतं. पण दुसरं काय म्हणणार, असं स्वतःला समजावून ती ऐकत राहायची आणि शेवटी आभार मानायची.

दर सहा महिन्यांनी घशाची तपासणी व्हायची. वर्ष होण्याआधीच सातांपैकी तिघींनी मलम लावून घेतलं. एकीचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या सासूबाईंवर कॅन्सरचे उपचार चालू होते. एकीला वॉर्ड सहन होईना. तिसरीने कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दीड वर्षांनी उरलेल्यांपैकी तिघींच्यात राखणदार आपोआप संपला. त्या घरी गेल्या. ईश्वरीच्या अहवालात तो होता. दोन वर्षांनी होता. अडीच वर्षांनीही होता. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ कौतुकाने म्हणाला की तुमच्या घशात त्याला फार मानवलंय. वरच्या मजल्यावर आता नव्या तुकडीतल्या तीन मुली होत्या. त्या तिला ताई म्हणत आणि तिच्यासमोर जरा जपून हसत.

त्या जानेवारीत मम्मीला ताप आला. लघवीतून सुरू झालेला संसर्ग दोन दिवसांत किडनीपर्यंत पोचला. मेहजबीननेच तिला हॉस्पिटलात आणून दाखल केलं. मम्मी चौथ्या मजल्यावर, ईश्वरी तळमजल्यावर मागच्या बाजूला. मधे चार जिने आणि एक लांब मार्गिका. चालत पाच मिनिटं लागली असती.

ईश्वरी त्या दुपारी बेर्डे मॅडमकडे गेली. मॅडमनी ती काही बोलायच्या आधीच सांगितलं की मलम लावायचं असेल तर लाव, रजा मिळेल, कुणी काही म्हणणार नाही. बंद वॉर्डात तेव्हा सतरा रोगी होते आणि राखणदार घेतलेल्या नर्स चार. मॅडमनी तो आकडा उच्चारला नाही. ईश्वरीला तो माहीत होता.

खोलीवर येऊन तिने ट्यूब काढली. झाकणाच्या टोकाने तोंडाला भोक पाडलं, वाटाण्याएवढं मलम बोटावर घेतलं. पिवळसर, कापराच्या वासाचं. आज सुरुवात केली तर दहा दिवसांनी वर जाता येईल. दहा दिवसांत मम्मी एकतर बरी झालेली असेल, नाहीतर नसेल. तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

मम्मीचा आवाज बारीक येत होता. ईश्वरीने तिला बोटावरच्या मलमाचं सांगितलं.

"तू आलीस तर मी बरी होणार आहे का?" मम्मीने विचारलं.

"नाही. औषधानेच होशील."

"तिथं खाली तू नसलीस तर?"

ईश्वरीला ते सतरा रोगी आठवले.

"तीन वर्षांमागं मी तुला काही म्हटलं नव्हतं," मम्मी म्हणाली. "ते चुकलं माझं. मी तुझ्यावर टाकून मोकळी झाले. आज म्हणते. ये असं म्हणावंसं वाटतंय मला, ईशू. लई वाटतंय. ते ऐकून घे, आणि कामावर जा."

फोन ठेवल्यावर ईश्वरी बोटाकडे बघत बसली. मग उठून बेसिनवर गेली, बोट साबणाने धुतलं आणि गणवेश घातला.

आपण बरोबर केलं असं तिला त्या दिवशी वाटलं नाही. पुढेही कधी पुरतं वाटलं नाही. वॉर्डात अकराव्या खाटेवर साताऱ्याकडची एक बाई होती, मम्मीच्याच वयाची. तिची शुद्ध हरपत चालली होती आणि ती सारखी शुभांगी, शुभांगी म्हणून हाक मारत होती. शुभांगी तिची मुलगी, बाहेर पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसलेली. ईश्वरी तिच्याजवळ गेली. बाईने तिचा हात छातीशी धरला आणि विचारलं, आलीस का गं. ईश्वरी हो म्हणाली. ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तोवर ईश्वरीने दोनदाच हात सोडवून घेतला होता, तोही दुसऱ्या रोग्यांना औषध द्यायला.

मम्मी एकोणीस दिवसांनी घरी गेली. किडनी वाचली. मेहजबीन त्या एकोणीस दिवसांत ड्यूटी संपल्यावरही तिच्याजवळ थांबली होती, तिला तिने आंघोळ घातली होती, पहिला भाताचा घास भरवला होता. तिने हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ईश्वरी तिला म्हणाली की तुझे उपकार मी कसे फेडू. मेहजबीनला ते लागलं. ती म्हणाली, असं काय परक्यासारखं बोलतेस. ईश्वरीला सांगता आलं नाही की परकं कोण झालंय याचीच तिला भीती वाटत होती.

एप्रिलपर्यंत लांबलेल्या तपासणीत राखणदार निघाला नाही. तंत्रज्ञाने खात्रीसाठी दहा दिवसांनी पुन्हा नमुना घेतला, तोही कोरा आला. फवाऱ्याला तीन वर्षं दोन महिने झाले होते. त्या एकाच कागदाने तिला घर मिळालं आणि बंद वॉर्ड गेला. ओळखपत्र परत करताना काचेच्या दारापाशी ती जराशी थांबली. आत नव्या मुलींपैकी एकजण कुणाला तरी चमच्याने पाणी पाजत होती. तिने वर बघितलं नाही.

ईश्वरी घरी गेली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. दार उघडंच होतं. मम्मी मशीनवर होती. ईश्वरीला बघून ती हसली, उठली, आणि ईश्वरी उंबऱ्याच्या आत आली तशी दोन पावलं मागे सरली. तिला स्वतःलाही ते उशिरा कळलं. तिचा हात तोंडाशी गेला होता, मास्क नीट करायला, आणि मास्क नव्हताच.

"सवय गं," ती म्हणाली.

ईश्वरीही दाराजवळच्या स्टुलावर बसली, आत गेली नाही. खोली बदललेली होती. तिची कॉट होती तिथे आता दुसरं मशीन होतं, पिकोचं. तिची पुस्तकं खोक्यात भरून वर ठेवली होती. मम्मीने घाईघाईने सांगितलं की कॉट शेजाऱ्यांकडे ठेवलीय, संध्याकाळी आणून घेऊ, मशीन मागच्या खोलीत जाईल. ईश्वरी म्हणाली राहू दे, मी खाली झोपेन. मम्मी म्हणाली असं कसं. दोघी मोठ्याने बोलत होत्या. बागेतल्यासारख्या. एवढ्याशा खोलीत तो आवाज विचित्र वाटला आणि दोघी एकदमच गप्प झाल्या.

मम्मीने चहा केला. कप तिच्या हातात न देता मधे फळीवर ठेवला आणि मागे होऊन उभी राहिली. ईश्वरीने तो उचलून घेतला. चहा पूर्वीपेक्षा अगोड होता. मम्मीने साखर कमी केली असणार, कधीतरी, तीन वर्षांत, आणि ते बागेत ओरडून सांगण्याइतकं महत्त्वाचं तिला वाटलं नसणार. अशा किती गोष्टी असतील, असं ईश्वरीच्या मनात आलं. बाहेर कुणीतरी साडी द्यायला आलं. मम्मी त्या बाईशी हसून, खांद्याला खांदा लावून बोलली, रंग पारखला, साडी घेऊन आत आली, आणि पुन्हा दोघीच उरल्या.

पावणेदहा वाजता मम्मीने घड्याळाकडे बघितलं. या वेळेला मेहजबीन यायची. आज ती येणार नव्हती. मम्मी काय करायचं ते न कळून मशीनच्या कडेला टेकली. मग मेहजबीनसमोर करायची तशी तिने डावी बाही वर केली आणि मान दुसरीकडे वळवून, श्वास धरून, हात जितका लांब करता येईल तितका लांब पुढे केला.

ईश्वरी स्टुलावरून उठली. चार पावलांचं अंतर होतं. ते ओलांडून ती मम्मीसमोर जमिनीवर बसली आणि तिने मनगटावर तीन बोटं ठेवली. हाडाच्या बाजूला, जिथे शेकडो मनगटांवर ठेवली होती तिथेच. मनगट बारीक झालेलं होतं. कातडी गरम आणि कोरडी. नाडी लागली. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत ती मोजायला लागली. वीस, एकवीस. मम्मीची मान हळूहळू वळली. तिने धरलेला श्वास सोडला आणि तो ईश्वरीच्या कपाळावर आला. बत्तीस, तेहतीस. पुढचे आकडे तिला सापडेनात. काटा फिरून पुन्हा वर गेला, खाली आला.

"किती?" मम्मीने विचारलं.

"चुकलं," ईश्वरी म्हणाली. "थांब. परत मोजते."

मम्मीने हात तसाच राहू दिला.